रायफलचा धक्का कमी करणारे सुटे भाग: घ्यावेत का, आणि कोणत्या क्रमाने

पैसे खर्च करण्याआधी रेंजवर एक परीक्षा करून पाहावी. खऱ्या काडतुसांमध्ये आपल्या नकळत एखादे डमी काडतूस मिसळून भरायला सोबत्याला सांगावे आणि नळी शेवटपर्यंत लक्ष्याच्याच दिशेला ठेवावी. डमीवर चाप ओढला की नुसते 'टक्' होते. त्या क्षणी नळीचे तोंड खाली झुकले आणि डोळे मिटले, तर धक्क्याच्या धास्तीने आपण आधीच रायफल दाबत आहोत, हे उघड होते. नळी जागची हलली नाही, तर नेम चुकण्याचे कारण दुसरीकडे शोधावे.

त्यानंतर थोडे गणित करावे. ३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची सुमारे ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८६० मीटर वेगाने सुटते आणि तिच्यामागून जळालेल्या सुमारे ३ ग्रॅम दारूचा वायू त्याहूनही वेगाने बाहेर पडतो. या दोन्हींच्या संवेगामुळे साडेतीन किलोची रायफल अंदाजे २१ ज्यूल ऊर्जेने मागे येते. तीच रायफल साडेचार किलोची असती, तर हा आकडा १६ च्या आसपास उतरला असता. वजन वाढवणे हा म्हणूनच सर्वांत खात्रीचा उपाय आहे, मात्र रायफल घेऊन दिवसभर चालायचे असेल तर तो नकोसा वाटतो. दस्त्यात बसवायच्या पाऱ्याच्या नळकांड्यांचा फायदाही, माझ्या मते, मुख्यतः त्यांच्या वजनाचाच असतो. पॉइंट टू-टू रायफलसाठी तर यातले काहीच घेऊ नये. तिथे कमी करण्याजोगा धक्काच नसतो.

बहुतेकांनी पहिला खर्च दस्त्याच्या टोकाच्या चांगल्या, मऊ पॅडवर करावा. पॅडमुळे संवेग घटत नाही, पण तोच धक्का जास्त वेळात आणि खांद्याच्या जास्त क्षेत्रावर पसरतो, त्यामुळे तो ठोशासारखा न लागता ढकलल्यासारखा वाटतो. मोजेसारखे वरून चढवायचे पॅड स्वस्त पडते, परंतु त्याने दस्त्याची लांबी दोन-अडीच सेंटिमीटरने वाढते आणि गाल दुर्बिणीपासून मागे सरकतो. जाड कपडे घालून रायफल खांद्याला लावून पाहावी. पॅड काखेत अडकत असेल, तर दस्ता तेवढा कापून पॅड कायमचे बसवून घ्यावे. दस्ता मुळातच मापाचा नसेल, तर गालफडावर बसणारा फटका कोणतेही पॅड थांबवत नाही.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचा भोकांचा तुकडा, धक्का खरोखरच घटवतो, आणि तरीही मी तो सर्वांत शेवटी सुचवतो. गोळी बाहेर पडल्यावर तिच्यामागचा वायू तो बाजूला किंवा मागे वळवतो. म्हणजे तो काम करतो ते फक्त वायूच्या वाट्यावर, जो वरच्या उदाहरणात साधारण तीन-दशांश होतो. पुष्कळ दारू जाळणाऱ्या मोठ्या काडतुसांना त्याचा लाभ अधिक मिळतो. पण वळवलेल्या वायूबरोबर आवाजही नेमबाजाकडे आणि शेजाऱ्याकडे येतो, इतका की कानात बोळे घालून वर इअरमफ लावणे भाग पडते. झोपून मारताना समोरची धूळ तोंडावर उडते, ती वेगळीच. शिवाय आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, रायफल स्पर्धांत मझल ब्रेकला मनाई आहे, आणि आपल्या भागातला कायदाही आधी पाहावा लागतो.

तरीही ब्रेक लावायचाच असेल, तर नळीला आटे पाडण्याचे काम जाणत्या गनस्मिथकडूनच करून घ्यावे, कारण ब्रेकचे भोक नळीच्या अक्षापासून किंचित जरी ढळले, तरी गोळी त्याच्या कडेला घासू शकते. बसवल्यावर गोळी लागण्याची जागा बदलते. रायफल पुन्हा झीरो करावी, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवावी, आणि ब्रेक काढला, की पुन्हा एकदा करावी.