बोटीच्या इंजिनाला दुसरा सेल्फ बसवताना फ्लायव्हीलशी जुळणी कशी करावी

अक्कलकुवा-धडगावकडे सरदार सरोवराच्या फुगवट्यात चालणाऱ्या बोटीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जळाला, तर धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या दुकानात आधी इंजिनाचे नाव विचारले जाते. परंतु ट्रकचे किंवा ट्रॅक्टरचे इंजिन उतरवून बोटीत बसवलेले असेल, तर त्याचे फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचे जड चाक) मूळचेच असेल याची खात्री नसते. म्हणून इंजिनाच्या पाटीपेक्षा फ्लायव्हीलच्या कडेवरील दातेरी कड्याच्या, म्हणजे रिंग गिअरच्या मापावर विसंबावे.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. एका दात्यावर खडूची खूण करून, फ्लायव्हील हाताने फिरवत पूर्ण फेऱ्याचे दाते दोनदा मोजावेत. चार सिलिंडरचे इंजिन बहुधा त्याच दोन जागी थांबते, त्यामुळे रिंगही तेथेच झिजते. मोजताना ती झीज आपोआप नजरेस येते.

मग रिंगचा बाहेरचा व्यास घेऊन त्याला दात्यांची संख्या अधिक दोन, या बेरजेने भागावे. ११२ दाते आणि ३४२ मि.मी. व्यास असेल, तर ३४२ भागिले ११४, म्हणजे मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे मेट्रिक माप) ३. फसगत होते ती इंची मापाच्या रिंगमध्ये. तिचा ८ पिचचा (व्यासाच्या दर इंचामागे आठ दाते) दाता ३.१७५ मॉड्यूलइतका असतो आणि डोळ्यांना ३ मॉड्यूलसारखाच दिसतो. आखूड दात्यांच्या ८/१० पिचमध्ये (जाडी ८ पिचची, उंची १० पिचची) ११२ दात्यांची रिंग सुमारे ३६१ मि.मी. भरते, म्हणजे फरक १९ मि.मी.चा, १० दात्यांच्या पिनियनवर (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकावर) मात्र तोच फरक जेमतेम ०.८ मि.मी. उरतो. जुने पिनियन दाखवून ‘असेच द्या’ म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

पिनियनचे दाते जुन्याइतकेच हवेत. ३ मॉड्यूलमध्ये एक दाता कमी-जास्त झाला, तर दोन अक्षांमधील अंतर दीड मिलिमीटरने बदलते, आणि फ्लँजची (सेल्फ बोल्टांनी जिथे बसतो त्या पाळीची) भोके ते सांभाळून घेत नाहीत. फिरण्याची दिशा पिनियनच्या टोकाकडून पाहून ठरवावी. सेल्फ गिअरबॉक्सच्या बाजूने बसत असेल, तर ती इंजिनाच्या बाजूने बसणाऱ्या सेल्फच्या उलटी लागते. व्होल्टेज, बोल्टांमधील अंतर आणि फ्लँजच्या गोल खांद्याचा व्यास ताडून पाहावा. जुन्या सेल्फला ऋण तारेसाठी वेगळा स्टड (आटे असलेला दांडा) असेल, तर नव्यालाही तो असावा. पेट्रोल इंजिनासाठी मात्र ठिणगी बाहेर न येणारा, बोटीसाठीच बनवलेला सेल्फ घ्यावा, कारण बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते. येथे काटकसर नको.

सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने पिनियन पुढे ढकलणारा) सेल्फ बसवल्यावर पिनियन मागे असताना ते आणि रिंग यांच्यात साधारण ३ मि.मी. मोकळी जागा राहावी. पिनियन हाताने पुढे ओढून त्याच्या दात्याचे टोक आणि रिंगच्या खाचेचा तळ यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची तार सरकते का, हे रिंगच्या तीन-चार जागी पाहावे. तार अडकल्यास सेल्फ सुटताना किंचाळतो. फार सैल गेल्यास दात्यांची केवळ टोके भिडतात व तुटतात. शेवटी बोल्ट पक्के आवळून, दात्यांना पातळ रंग लावून आणि बॅटरीची तार पुन्हा जोडून दोन-तीन वेळा सेल्फ मारावा आणि घासल्याची खूण दात्याच्या मध्यावर उमटली आहे का, हे पाहावे.