मिनी पीसी घेताना आधी झाकण उघडून बघा

मिनी पीसी घेऊ का, असं कुणी विचारलं की मी प्रोसेसरच्या आधी एकच गोष्ट विचारते: तळाचं झाकण उघडतं का, आणि आतलं काय काय बदलता येतं? या इवल्या डेस्कटॉपना पुढे किती आयुष्य आहे ते तिथेच कळतं.

ताकदीची काळजी आता फारशी उरलेली नाही. २००५ साली पहिला मॅक मिनी आला तेव्हा छोटं घ्यायचं म्हणजे वेगाला मुरड घालावी लागे. २०२३ मध्ये आलेली इंटेलची एन१०० ही ६ वॉटची चिप ब्राउझर, ऑफिसची कामं आणि ४के व्हिडिओ सहज पेलते. चार-पाच वर्षांनी गरज वाढते तेव्हा काय करायचं, याचा विचार मात्र खरेदीच्या दिवशीच करायला हवा.

सगळ्यात आधी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी. एसओ-डिमची, म्हणजे खाचेत बसणारी सुटी पट्टी असेल तर उद्या काढून मोठी बसवता येते. बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर जेवढी घेतली तेवढीच कायमची. सोल्डर केलेली रॅम वाईट असते असं मी म्हणणार नाही. एएमडीच्या रायझन एआय मॅक्ससारख्या चिपमध्ये सीपीयू आणि ग्राफिक्स मिळून १२८ जीबीपर्यंत मेमरी वापरतात, आणि त्यामुळे एआयची मोठी भाषा-मॉडेल टेबलावरच्या डब्यात चालू शकतात. त्यासाठी मेमरी चिपला खेटून लागते. दुरुस्त करता येणाऱ्या लॅपटॉपसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्कनेही आपल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये ती सोल्डरच केली. या यंत्रांबद्दल मला सर्वाधिक उत्सुकता आहे ती इथेच. माझा नियम साधा आहे: सोल्डर असेल तर आज लागते त्याच्या दुप्पट घ्या, पट्टी असेल तर आजच्यापुरती पुरे.

एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, हा झिजणारा भाग, त्यामुळे तो बदलता आलाच पाहिजे. ती बसवायची २२८० मापाची एम.२ नावाची खाच शोधा. दोन असतील तर उत्तम. फक्त ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण असलेलं यंत्र मी कुणालाही सुचवत नाही.

अॅडॉप्टरकडे कुणी बघत नाही, पण यंत्र चांगलं असूनही अडगळीत जातं ते बऱ्याचदा तो हरवल्यामुळे. यूएसबी-सीवर चालणारं यंत्र मिळालं तर बरं. गोल पिनेचा असेल तर व्होल्ट, अँपिअर आणि पिनेचं माप लिहून यंत्रालाच चिकटवा.

जुनं घ्यायला अजिबात कचरू नका. थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी ही साधारण एक लिटर आकाराची ऑफिसमधली यंत्रं मला फार आवडतात. झाकण सहज निघतं, रॅमच्या पट्ट्या असतात, सुटे भाग मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षा अपडेट) संपला आणि सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे धडधाकट यंत्रं ऑफिसांतून बाहेर पडतात. त्यांवर डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली छान चालते. पैसे देण्याआधी मात्र यंत्र सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. आधीच्या ऑफिसने पासवर्ड लावून ठेवला असेल तर तो काढणं मोठं जिकिरीचं असतं.

नवं असो वा जुनं, घरी आल्यावर बायोसची शेवटची आवृत्ती उतरवून तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. २०२३ मध्ये इंटेलने आपल्या एनयूसी या मिनी पीसींचं काम थांबवलं आणि ते आसूसकडे गेलं. अशा बदलांत कंपनीचं डाउनलोडचं पान हलू शकतं.

मग दुसरं काम. टेबलावरून उतरलेल्या यंत्राला मी घरचा सर्व्हर करते: जेलिफिनवर व्हिडिओ, नेक्स्टक्लाउडवर फोटो, पाय-होलने जाहिरातींना आळा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा; नाहीतर वीज गेली की प्रत्येक वेळी बटण दाबायला उठावं लागेल. केबलने राउटरला जोडा, वाय-फायवर सर्व्हर ठेवू नका. सरासरी १० वॉट खाणारं यंत्र वर्षभर अखंड चाललं तर सुमारे ८८ युनिट वीज लागते. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

एवढ्याशा डब्यात उष्णता लवकर साचते. मॉनिटरच्या मागे ७५ किंवा १०० मिलीमीटरच्या वेसा पट्टीवर बसवत असाल तर हवेची भोकं मोकळी राहतील अशा बाजूने बसवा. वर्षातून एकदा झाकण काढून धूळ फुंका, आणि फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, म्हणजे ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होणार नाही.