हिपॅटायटिस बी : पाणी उकळून न टळणारी कावीळ

पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आले की नाशिकमध्ये घरोघरी पिण्याचे पाणी उकळले जाते. कावीळ टाळण्यासाठी ते योग्यच आहे, मात्र तो उपाय दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंपुरता आहे. हिपॅटायटिस बी पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो, त्यामुळे त्यापासून बचाव करायचा असेल तर माठापेक्षा वस्तरा, सुई आणि लसीकरणाचे कार्ड यांच्याकडे लक्ष द्यावे लागते.

सर्वप्रथम स्वतःची तपासणी करून घ्यावी. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात आणि अनेकांना ती कधीच दिसत नाहीत. डोळे पिवळे झाले नाहीत म्हणजे आजार नाही, असे मानण्यात अर्थ नाही. रक्तातील एचबीएसएजी ही चाचणी विषाणू शरीरात आहे का ते सांगते, अँटी-एचबीसी ही पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला का ते सांगते आणि अँटी-एचबीएस ही संरक्षण आहे का ते सांगते. शेवटच्या चाचणीत आकडा १० किंवा त्याहून जास्त आल्यास संरक्षण आहे असे धरतात. तिन्ही चाचण्या नकारात्मक आल्या तर लस घ्यावी. एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही सकारात्मक राहिली तर तो दीर्घकालीन संसर्ग असतो आणि वर्षानुवर्षे काही त्रास न देता तो यकृताला सिरोसिस (यकृत आक्रसून कडक होणे) किंवा कर्करोगापर्यंत नेऊ शकतो.

येथे कावीळ उतरवणाऱ्यांविषयी लिहिणे भाग आहे. डोक्यावर ठेवलेली मुळ्यांची किंवा काड्यांची माळ दिवसागणिक लांब होत जाते, कारण हिरव्या काड्या सुकून आकसतात आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. यकृताशी त्याचा संबंध नाही. तरीही माळेला यश येते, कारण प्रौढ वयात संसर्ग झालेल्या ९५ टक्क्यांहून अधिक लोकांचे शरीर विषाणूला स्वतःच हरवते आणि श्रेय माळेला जाते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणून चाचणी टाळणे, हे या प्रकारातले खरे नुकसान आहे.

प्रौढांना लसीचे तीन डोस पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी देतात. मधला डोस चुकला तर सुरुवातीपासून लस घ्यावी लागत नाही, राहिलेला डोस घेऊन क्रम पुढे चालू ठेवावा. रुग्णालयात व प्रयोगशाळेत काम करणारे, डायलिसिसवर असलेले आणि बाधित व्यक्तीचे जोडीदार व कुटुंबीय यांनी लस घेण्यात दिरंगाई करू नये.

बाळाच्या बाबतीत मात्र तासांचा हिशेब असतो. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, म्हणून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावा लागतो. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांनी तीच लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीतून मिळते. रविवार किंवा सणाचा दिवस आहे म्हणून कोणी ‘उद्या देऊ’ म्हणाले तर घरच्यांनी विनयाने पण ठामपणे आग्रह धरावा. आई बाधित असल्यास बाळाला १२ तासांच्या आत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही द्यावे लागते, म्हणून गरोदरपणातच तिची चाचणी करून अहवाल बाळंतपणाच्या कागदांत लावून ठेवावा. ही दोन्ही इंजेक्शने मिळालेल्या बाळाला आईने निर्धास्तपणे अंगावर पाजावे.

आता वस्तऱ्याविषयी. दशक्रियेसाठी किंवा सिंहस्थाच्या काळात रामकुंडावर एकामागून एक क्षौर चाललेले असते, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. नाभिक कारागीर पाकिटातून नवे पाते काढतो, कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवतो. हे आपल्या डोळ्यांसमोर झाले पाहिजे, तसे सांगण्यात संकोच करू नये. पात्याकडे आजकाल बरेच जण पाहतात, तुरटीच्या खड्याकडे कोणी पाहत नाही. आधीच्या माणसाच्या कापलेल्या जागेवरून फिरलेला तोच खडा आपल्या गालावर येतो, म्हणून तो नको म्हणावे किंवा स्वतःचा न्यावा. यात्रेत गोंदवून घेताना सुई नवी असणे पुरेसे नाही, शाईही प्रत्येकासाठी वेगळ्या वाटीत ओतलेली असावी. गोळीने भागत असेल तर इंजेक्शनचा हट्ट धरू नये. घ्यावेच लागले तर सिरिंज समोर फोडायला सांगावी.

चुकून वापरलेली सुई टोचली तर जखम दाबून रक्त काढत बसू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि शक्यतो २४ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे, कारण लस आणि इम्युनोग्लोब्युलिन सुई टोचल्यानंतरही उपयोगी पडू शकतात.

घरात कोणी बाधित असल्यास त्याचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही. एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार होत नाही. वेगळे ठेवायचे ते ब्रश, रेझर आणि नेलकटर. जोडीदाराला लसीचे संरक्षण मिळाल्याची खात्री होईपर्यंत निरोध वापरावा. सर्वच बाधितांना औषध लागत नाही. एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी, रक्तातील विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून डॉक्टर ते ठरवतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून तपासणी व उपचार मोफत दिले जातात, त्यासाठी त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर हे विषाणू दाबून ठेवणारे औषध सुरू झाले असेल तर बरे वाटते म्हणून ते स्वतःहून बंद करू नये, कारण दबलेला विषाणू एकदम उसळून यकृत निकामी होऊ शकते. गावाला जाताना गोळ्या मोजून, चार जास्तीच्या घेऊनच निघावे.