जुना तांब्याचा बंब: पारख, दुरुस्ती आणि वापर

कोकणातल्या जुन्या घराची न्हाणी मोडून तिथे फरशी बसवायची ठरली की सर्वांत आधी बाहेर निघतो तो अंघोळीचे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब. श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत असे बंब अजूनही माळ्यावर, गोठ्यात किंवा भंगारवाल्याच्या ढिगात सापडतात आणि बहुधा मोडीच्या भावाने, तांब्याच्या वजनावर विकले जातात. मात्र बंब पुन्हा पेटवायचा असेल तर त्याची किंमत वजनावर नव्हे, तर मधल्या नळीच्या अवस्थेवर ठरवावी.

बाहेरचे पिंप आणि त्याच्या मधोमध उभी गेलेली धुराची नळी यांच्यामधल्या पोकळीत पाणी राहते. जळण वरून नळीत टाकतात, ते तळाच्या जाळीवर जळते आणि राख खाली पडते. काही बंबांना खालच्या अंगाला पितळी तोटी असते. काहींना मात्र नरसाळ्यासारखे तोंड असते. त्यात ओतलेले थंड पाणी आतल्या बारीक नळीने तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. हा दुसरा प्रकार मिळाला तर सोडू नये, कारण पाणी ओतल्याशिवाय पाणी मिळतच नसल्याने तो सहसा कोरडा पडत नाही.

पाहणीला जाताना विजेरी न्यावी. खोली अंधारी करून विजेरीचा झोत पाण्याच्या पोकळीत सोडावा आणि वरून नळीत डोकावावे; सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी ठिपका चमकतो. घरमालकाची हरकत नसेल तर बंब काठोकाठ भरून रात्रभर ठेवावा आणि सांध्यांवर कोरडी राख भुरभुरावी. सकाळी राख जिथे ओली दिसेल तिथे पाझर आहे. बाहेरच्या पिंपाचा पोचा किंवा एखादा गळका सांधा दुरुस्त होतो, पण नळीचा पत्रा दाबल्यावर लवत असेल तर नवी नळी बसवावी लागते आणि तो खर्च बंबाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. पिंपाच्या उभ्या सांध्यावर पिवळसर दातेरी रेघ दिसली तर ती हाताने दात कापून पितळेने झाळलेल्या, म्हणजे पितळ वितळवून सांधलेल्या जोडाची खूण असते. ती रेघ घासून सपाट करू देऊ नये.

स्वच्छतेची सुरुवात आतून करावी. बांबूच्या काठीला काथ्या बांधून नळीतली काजळी कोरडीच खरवडावी. पाण्याच्या बाजूला पांढरा क्षार साचला असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त विरघळवून ते काही तास भरून ठेवावे आणि नंतर बंब दोन-तीनदा धुवावा. हिरवा गंज कोरडा घासू नये, त्याची पूड विषारी असते; तो ओला करून, नाकातोंडाला फडके बांधून काढावा. बाहेरून चिंचेचा कोळ किंवा रातांब्याची (कोकमाच्या फळाची) ताजी साल पुरते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मात्र वापरू नये, कारण त्यात मीठ असते आणि सांध्यात राहिलेले मीठ दमट खाऱ्या हवेत तांबे पुन्हा पुन्हा हिरवे करते. तपकिरी थर शक्यतो राहू द्यावा, तो खालच्या धातूचे रक्षणच करतो. बंब आरशासारखा चकचकीत करण्याचा हट्ट मला तरी दिवाणखान्यातल्या शोभेपुरताच समजतो.

जोडकाम जाणत्या तांबटाकडूनच करून घ्यावे आणि झाळ कोणत्या धातूची आहे हे आधी विचारावे. शिसे-कथलाचे साधे डाख (सांधे जोडायचा मऊ मिश्रधातू) 183 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. पाठीमागे पाणी असेपर्यंत पत्रा जेमतेम शंभर अंशांच्या पुढे जातो आणि डाख टिकते. पाणी संपले की तेच डाख काही मिनिटांत ओघळते. म्हणून जाळाजवळचे सांधे पितळेने किंवा चांदीच्या झाळेने जोडलेले बरे. जुन्या जोडांत शिसे असण्याची शक्यता धरून बंबाचे पाणी केवळ अंघोळीला घ्यावे. आत कल्हईची गरज त्यामुळे उरत नाही. तोटीची शंकूसारखी खुंटी गळत असेल तर बारीक घासपेस्ट लावून ती तिच्याच खोबणीत फिरवून बसवावी. पितळेवर गुलाबी डाग पडले असतील तर त्यातले जस्त निघून गेलेले असते आणि ती तोटी बदलावीच लागते.

पेटवताना आधी पाणी, मग जाळ, हा क्रम कधीही मोडू नये. बंबाचे झाकण घट्ट बसवून तो नळाच्या दाबाच्या पाण्याला जोडण्याची युक्ती हल्ली काही जण सुचवतात. ती जिवावर बेतू शकते, कारण वाफेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. बंद बाथरूममध्येही बंब पेटवू नये, कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जळणाला करवंट्या, सुकी सोडणे (नारळाच्या साली) आणि माडाचे पिढे (झावळीचे जाड बुडखे) उत्तम. काजूची टरफले टाकू नयेत. त्यांच्यातले तेल दाहक असते, धूर डोळ्यांना झोंबतो आणि नळीत डांबरासारखा थर बसतो. किनाऱ्याला वाहून आलेले लाकूडही टाळावे, त्यातला खार नळी खातो.

पावसाळ्यात बंब वापरात नसेल तर पाणी पूर्ण काढून, राख झाडून, झाकण उघडे ठेवून तो जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा. ओल धरलेली राख जाळीखालचा पत्रा पोखरते. खोबरेल चोपडण्याचा मोह टाळावा, कारण तेलातल्या आम्लांनी तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो आणि तो गणपतीच्या सुमारास घासत बसावा लागतो.