जिनिंगच्या पहिल्या पाळीआधी

दिवाळी सरली की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट भागातल्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करणारे कारखाने, धडधडू लागतात आणि बारावी झालेली कितीतरी पोरं-पोरी पहिल्या नोकरीला निघतात. शेतात राबलेल्या अंगाला कारखान्याचं काय एवढं, असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. वेचणीत कंबर भरून आली तर धुऱ्यावर घटकाभर बसता येतं; सरकी काढणारं मशीन, म्हणजे रेचा, कुणासाठी थांबत नाही. कर्कश आवाजात, उडत्या रुईत (सरकी काढलेल्या कापसात), एकाच जागी पाळीभर उभं राहणं शेतातल्या अंगालाही नवंच. म्हणून रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून तयारीला लाग.

आधी पाय. रोज तासभर चाल, आणि घरातली उभ्याची कामं आपल्याकडे घे. चपलेवर कामाला जायचं नाही. बोटांना जागा असलेले बंद बूट घे आणि ते आठवडाभर घरीच वापरून सैल कर, नाहीतर पहिल्याच पाळीत टाचेला फोड येईल. सुती मोजे दोन जोड. रात्री पोटऱ्या भरून आल्या तर पाय उशीवर ठेवून पड.

कपड्यांच्या बाबतीत कुणाचंही ऐकू नकोस. गळ्यातला दुपट्टा, ओढणी, सुटा पदर, मोकळी वेणी, मनगटातला दोरा, यातलं काहीही फिरत्या पट्ट्याजवळ न्यायचं नाही; पट्टा ते ओढतो आणि त्यासोबत माणसालाही ओढतो. केसांचा अंबाडा, वर घट्ट टोपी, बाह्या अंगासरशी. अडकलेला कापूस चालू मशीनमधून हाताने काढायचा नाही, मुकादम कितीही घाई करो. मशीन बंद करायचं बटण कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी त्याला विचारून घे. काडीपेटी घरीच राहू दे. कापसाच्या गंजीला एक ठिणगी पुरते.

सगळ्यात जास्त जपायचं ते छातीला. दुपट्टा तोंडाला बांधला की झालं असं समजतात, पण त्याने मोठे तंतू अडतात, बारीक धूळ आत जातेच. एन-९५ मास्क घे, नाकावर नीट बसव, मळला की बदल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याची सुरुवात फसवी असते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, पुढच्या दिवसांत कमी होतं. हंगामी सर्दी म्हणून लोक सोडून देतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर दम कायमचा लागतो. वेळीच धुळीपासून दूर झालं तर बरं वाटू शकतं. बिडीने हा त्रास वाढतो. आधीपासून दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेच्यावरचं काम धरूच नकोस.

कानात कापसाचे बोळे घालून आवाज फारसा अडत नाही, औषधांच्या दुकानातून फोमचे इअरप्लग आण. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातकच.

रुईची गठाण साधारण १७० किलोची. ती एकट्याने हलवायची वस्तू नाही. सरकीचं पोतं उचलताना गुडघे वाक, ओझं अंगाजवळ धर, वळायचं तर पावलं फिरव, कंबर पिळू नकोस. आणि पहिल्या आठवड्यात जुन्या हमालाशी बरोबरी करायची नाही! त्याचं अंग कित्येक हंगामांत तयार झालंय. ‘पोतं जड आहे, कुणीतरी हात लावा’ असं म्हणण्यात कमीपणा नाही.

डब्यात भाकर, घट्ट वरण किंवा झुणका आणि जवसाची चटणी असू दे. मधल्या सुट्टीला गूळ-शेंगदाणे. तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी) असला की पाणी प्यायचं राहून जातं, तो सोडलेलाच बरा. फेब्रुवारीनंतर पत्र्याखाली उकाडा वाढतो. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घोट घोट पी. उन्हाशी जुळायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. रात्रपाळी असेल तर दिवसाची झोप घरच्यांशी आधीच ठरवून घे, म्हणजे दुपारी कुणी सरपणाला पाठवणार नाही.

रुजू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घे, पोरींनी तर नक्कीच, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचार. सुरुवातीचे काही दिवस अंग दुखणारच, ते उतरतं. पण कंबरेतून पायात कळ जात असेल, बोटं बधिर होत असतील किंवा सुट्टीनंतर छाती पुन्हा पुन्हा आवळत असेल, तर कामाची पाळी बुडाली तरी डॉक्टरांकडे जा आणि जिनिंगमध्ये कामाला आहे हे आधी सांग.