उपाशीपोटी तोंडाला येणारा वास: आधी उगम शोधा

नुसतं जोरात ब्रश करून हा वास जात नाही, कारण तो दोन वेगळ्या ठिकाणांहून येतो.

पहिलं ठिकाण जिभेचा मागचा भाग. चावणं थांबलं की लाळ कमी सुटते, तोंड कोरडं पडतं आणि तिथले जीवाणू प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. स्वच्छ चमच्याने जीभ मागून खरवडा, काही सेकंदांनी चमचा हुंगा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर जीभच साफ करायची: मागून पुढे, हलक्या हाताने चार-पाच वेळा. मग पाण्याचे घोट थोड्या थोड्या वेळाने. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळाच, त्याने कोरडेपणा वाढतो.

तोंड बंद ठेवून नाकाने सोडलेल्या श्वासालाही नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल, तर दुसरं ठिकाण फुप्फुसं: तो तिथून येणारा अ‍ॅसिटोन. यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत आला की शरीर चरबी जाळून कीटोन नावाची रसायनं बनवतं; अ‍ॅसिटोन त्यांतलंच एक. इथे घासणं व्यर्थ; पिष्टमय पदार्थ पोटात गेले की तो ओसरतो.

मधुमेह्यांनी मात्र थांबू नये. या वासासोबत उलट्या किंवा धाप असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.