दहाव्या आठवड्यात काय लिहाल?

माझं पहिलं स्किट आठ पानांचं होतं. ते टीव्हीवर लागलं तेव्हा त्यात माझं म्हणावं असं एकच वाक्य उरलं होतं : "आत या, चप्पल बाहेर काढा." बाकीचं काही वाचनात बदललं, काही तालमीत गळलं, उरलेलं नटांनी सेटवर आपापल्या जिभेला वळवून घेतलं. त्या भागातला सगळ्यात मोठा हशा मात्र त्याच वाक्यावर आला. दारातल्या नटानं चप्पल काढली, बाहेर एकदा संशयानं पाहिलं, आणि चप्पल काखेत धरून सोफ्यावर येऊन बसला. हे मी लिहिलंच नव्हतं.

"ताई, स्किट लिहायचंय, सुरुवात कशी करू?" असं विचारणारी बरीच मुलंमुली भेटतात. बहुतेक एकांकिकांमधून आलेली. मीही तिथलीच. कराडहून पुण्याला शिकायला आले आणि तीन वर्षं भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' करून घसा बसवून घेतला. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि स्किटच्या कुठल्याही सेटवर चौकशी केलीत तर चारातले दोघं तरी असल्याच एखाद्या स्पर्धेतले निघतात. त्यामुळे तुम्ही चुकीच्या दारातून येत नाही आहात. फक्त त्या दाराची एक सवय आत आल्यावर नडते. एकांकिकेत आपण एका तासाच्या नाटकाला दोन-दोन महिने तालीम करतो. एक कल्पना वर्षभर पुरते. इथं ती एका आठवड्यात खाऊन संपते, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा ताट वाढायचं असतं.

मी ज्या कार्यक्रमात एक पूर्ण सीझन सहायक लेखक होते त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही येणार आहे. पण जातकुळी तुमच्या ओळखीची आहे. २०१० मध्ये झी मराठीवर 'फू बाई फू' आलं, २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या', २०१८ मध्ये सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. हे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालतात, शेकड्यांनी भाग होतात. प्रेक्षक म्हणून आपण नट मोजतो. लेखक म्हणून पाने मोजायला शिका. आमच्याकडे आठवड्याला दोन भाग, एका भागात तीन किंवा चार स्किटं, आणि लिहिणारे आम्ही पाच जण. सीझन सव्वीस आठवड्यांचा. गुणाकार तुम्हीच करा. मी तो पहिल्या दिवशी केला असता तर कदाचित परतीची एसटी पकडली असती.

आठवडा असा जायचा. सोमवारी अकराला वाचन. प्रत्येकानं दोन कल्पना आणि एक लिहिलेलं स्किट आणायचं. मुख्य लेखक, दिग्दर्शक, चॅनेलचे क्रिएटिव्ह आणि त्या आठवड्यात मोकळे असतील ते नट, सगळ्यांसमोर ते मोठ्यानं वाचायचं. मंगळवारी आणि बुधवारी नवा ड्राफ्ट, बुधवारी संध्याकाळी तालीम, गुरुवार-शुक्रवार शूट. गुरुवारी बार्कचे, म्हणजे किती लोकांनी कार्यक्रम पाहिला याचे, आकडेही यायचे. त्यामुळे त्या दिवशी सेटवरचं हवामान आधीच्या आठवड्यावर ठरायचं, आज काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नसायचा.

वाचन हा सगळ्यात कठीण प्रकार. तुम्ही लिहिताना ज्या जागी हसलात तिथं बारा माणसं बिस्किट बुडवत असतात. तिसऱ्या पानावर कुणीतरी फोन उलटा ठेवतो, ते चांगलं लक्षण. सुलटा करतो, ते वाईट. माझ्या दुसऱ्या वाचनाला एवढी शांतता होती की मी स्वतःच शेवटचं पान वगळून "असा एंड आहे" म्हणून मोकळी झाले. मुख्य लेखक म्हणाले, "अगं, बरं लिहिलंयस. पण पंच सांडलेत. एका वाक्यात तीन घातलेस की एकही ऐकू येत नाही."

पहिले नऊ आठवडे तरीही बरे गेले, कारण माझ्याकडे साठा होता. कराडच्या वाड्यातली आत्या, कॉलेजचा फीचा क्लार्क, सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या गाडीला शिकवणी घेणारा कंडक्टर, दहिसरची घरमालकीण. प्रत्येकाचं एक-एक स्किट झालं. प्रत्येक नव्या लेखकाकडे असा आठ-नऊ स्किटांचा गावाकडचा डबा असतोच. तो उघडला की सगळे म्हणतात, वा, काय निरीक्षण आहे! मग दहावा आठवडा येतो. डबा रिकामा होतो, खोलीत तुम्ही आणि लॅपटॉप, आणि रविवारी रात्री दीड वाजता तुम्ही नवरा-बायको-मोबाइलचा पासवर्ड असलं काहीतरी लिहायला घेता. मी घेतलं. सोमवारी पहिल्या पानाच्या शेवटी मुख्य लेखकांनी हात वर केला. "हे मी चार वर्षांपूर्वी लिहिलंय. तेव्हाही शिळंच होतं."

त्या दुपारी त्यांनी मला जेवायला सोबत बसवलं. "विनोद सांगू नकोस," म्हणाले, "कुणाला काय हवंय आणि समोरचा ते का देऊ शकत नाही, एवढंच सांग." मला काही सुचेना. आदल्याच रविवारी मी कल्याणला एका लग्नाला गेले होते, तर तिथलं सांगितलं : केटररचा एक माणूस दारात बसून ताटं मोजत होता. तीनशे ठरली होती. वधूपित्याचा जीव त्या आकड्यात अडकलेला. शेजारच्या हॉलमधली मंडळी चुकून इकडेच जेवत होती. मुख्य लेखकांनी विचारलं, "तीनशेएकावं ताट कुणाचं?" मी म्हटलं, "कुणाचं म्हणजे?" ते काहीच बोलले नाहीत, ताक पीत राहिले. मग माझ्याच तोंडून आलं, "नवऱ्या मुलाचं."

एवढं सापडलं की पुढचं लिहावं लागत नाही, उतरवून घ्यावं लागतं. नवरा मुलगा सगळे विधी आटोपून भुकेलेला येतो. मोजणारा म्हणतो, संख्या पूर्ण झाली. "अहो, मी नवरा मुलगा." "पुरावा?" "ह्या मुंडावळ्या." "मुंडावळ्या काय, कुणीही बांधतं साहेब. सकाळपासून चार जण जेवून गेले." मग तो बायकोला साक्षीला बोलावतो, आणि ती म्हणते, मी यांना नीट कुठे बघितलंय, मध्ये आंतरपाट होता. मोजणारा इथं अजिबात विनोद करत नाही. तो प्रामाणिक आहे, त्याचा पगार त्या आकड्यावर आहे. म्हणून हसू येतं. माझ्या पहिल्या ड्राफ्टात त्याच्या तोंडी ताट, थाट, वाट अशा सतरा कोट्या होत्या. मुख्य लेखकांनी चौदा खोडल्या. उरलेल्या तिनांतल्या दोन नटानं स्वतःहून टाकून दिल्या.

तेव्हापासून मी वही बदलली. पूर्वी ऐकलेली मजेशीर वाक्यं टिपायची. आता टिपते ती अशी : 'सोसायटीच्या मीटिंगला कोरम हवा, एक माणूस कमी, तो लिफ्टमध्ये अडकलाय.' 'वाढदिवसाच्या केकवर नाव चुकलंय, दुकानदार म्हणतो मुलाचं नाव बदला.' यात विनोद नाही, पण दोन माणसं आहेत आणि मधे एक अडलेली गोष्ट आहे. ही नोंद सहा महिन्यांनंतरही शिळी होत नाही. वाक्यं होतात.

त्याच काळात इतर लोक हा रेटा कसा सोसतात म्हणून शोधायला लागले आणि अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या थेट प्रक्षेपित होणाऱ्या स्किटांच्या कार्यक्रमाच्या पहिल्या सीझनपर्यंत पोचले. ११ ऑक्टोबर १९७५ ला न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर प्लाझाच्या ८-एच स्टुडिओतून पहिला भाग थेट गेला. त्या सीझनमध्ये २४ भाग झाले. पहिल्या भागातल्या मधमाश्यांच्या वेषातल्या नटांवर चॅनेल नाराज झालं, तर निर्माता लॉर्न मायकल्सनं त्या मधमाश्या मुद्दाम परत परत आणल्या. (आमच्याकडे असं करून बघू नका. निदान पहिल्या सीझनला तरी.) मला त्यांची आठवड्याची पद्धत जास्त उपयोगी वाटली. तिथं लेखक मंगळवारी रात्रभर जागून लिहितात, बुधवारच्या वाचनाला चाळीसेक स्किटं येतात, शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आत काही स्किटं सरळ काढून टाकतात. म्हणजे आठवडाभर लिहिलेलं, सेट लागलेलं, कपडे शिवलेलं स्किटसुद्धा शेवटच्या तासात जातं. हे वाचून मला माझ्या सात पानांच्या गळतीचं दुःख आवरतं घेता आलं.

आता नटांविषयी. लिहिण्याआधी ते स्किट कोण करणार हे विचारा, आणि त्या माणसाचे दहा भाग आवाज बंद करून बघा. काही नट बोलण्याआधी हशा घेतात, काही बोलून झाल्यावर थांबून. समीर चौघुले किंवा भाऊ कदम नुसते उभे राहिले तरी काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. अशा माणसाला लांबलचक वाक्य देणं म्हणजे त्याच्या पायात पाय घालणं. आमच्याकडे एक ज्येष्ठ नट होते, त्यांना जोडाक्षरांनी भरलेली वाक्यं दिली की ते स्क्रिप्ट हसत परत करायचे : "ताई, हे तूच कर, मी बघतो." ॲडिशनला, म्हणजे नटानं स्वतःहून घातलेल्या भरीला, घाबरू नका. चप्पल काखेत धरणं ही ॲडिशनच होती. पण ॲडिशन कुठे संपायला हवी हे तालमीत ठरवून घ्या, नाहीतर दोन नट एकमेकांना हसवत बसतात, लेखकाचा शेवट एडिटमध्ये कापला जातो आणि घरी लोक म्हणतात, एंड जमला नाही हं तुझा.

बाई म्हणून एक गोष्ट. पहिले दोन महिने मला फक्त सासू-सून, नवरा-बायको आणि बघण्याचा कार्यक्रम मिळत होता. आणि त्यातली बाई करायला साडी नेसलेला पुरुष. आपल्याकडे पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा जुनी आणि मोठी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण साडी हाच विनोद असेल तर तो पहिल्या मिनिटात संपतो आणि उरलेली नऊ मिनिटं पदर सावरण्यात जातात. मी हे वाचनात बोलले. लगेच काही बदललं नाही. मग मी भांडण सोडून सहकारी नटींसाठीच स्किटं लिहून नेऊ लागले : एक बँकेतली मॅनेजर, एक रिक्षावाली, एक पोलिस ठाण्यात हरवलेल्या कुकरची तक्रार देणारी. तयार आठ पानं समोर असली की माणसं 'नको' म्हणायला आळस करतात. जाडी, काळा रंग, तोतरेपणा, गावाची बोली यांवरचे पंच मात्र तुम्हाला सुचतीलच, आणि त्यांना हशाही येईल. त्या नटाला शूट संपल्यावर त्याच शरीरानं लोकलमधून घरी जायचं असतं, एवढं एकदा त्याच्या शेजारी बसून बघा.

पैशांचं पटकन सांगते, कारण ते कुणीच सांगत नाही. मानधन भागानुसार ठरतं. महिन्याला किती भाग निघतील याची खात्री कुणी देत नाही. बिल लावल्यावर नव्वद दिवस धरून चाला, म्हणजे मुंबईत यायच्या आधी तीन-चार महिन्यांचं भाडं गाठीशी हवं. दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. रिटर्न भरलं तर त्यातला परत मिळू शकतो, मी पहिल्या वर्षी भरलंच नाही. करारात 'सहायक लेखक' असं लिहिलं असेल तर श्रेयनामावलीत नाव येणार का, हे सही करण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं. अकराव्या भागापर्यंत आई दर वेळी शेवटपर्यंत टीव्हीसमोर बसायची आणि मग फोन करायची, "नावं फार जोरात पळतात गं." पळत नव्हती, माझं नव्हतंच त्यात. बाराव्या भागापासून आलं, तेही मी दोनदा मेल केल्यावर. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या. स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाइन होते, आणि करार वाचून घ्यायला ओळखीचं माणूस मिळतं.

काम मागायला जाताना कार्यक्रमाचे सगळे भाग पाहिल्याचं सांगू नका, सगळेच सांगतात. दोन स्किटं घेऊन जा. एक त्यांच्या नटांची नावं घालून, त्यांच्या पद्धतीचं. दुसरं तुमच्या मनाचं. दोन्ही आठ पानांच्या वर नकोत, पात्रं चारपेक्षा जास्त नकोत, आणि जागा एकच ठेवा, कारण आर्टवाले दादा एका स्किटसाठी तीन सेट लावणार नाहीत. प्रॉपर्टीची, म्हणजे स्किटात लागणाऱ्या वस्तूंची, यादी शेवटच्या पानावर द्या. माझ्या त्या लग्नाच्या स्किटात मी 'तीनशे ताटं' असं लिहिलं होतं, आणि प्रॉपर्टीवाले दादा खरोखर टेम्पो बघायला निघाले होते.

छापील प्रती पाच न्या. आणि पाण्याची बाटली. आठ पानं एका दमात वाचायची असतात, आणि तिथला चहा चारच्या आत येत नाही.